स्क्रूवाला हंबकर घ्यावा की रेलवाला?

हंबकर हे आडनाव वाटतं, पण तो इलेक्ट्रिक गिटारचा एक पिकअप आहे, म्हणजे तारांची कंपनं पकडून ॲम्पकडे पाठवणारा भाग. गिटारला हंबकर बसवायचाय असं मी पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा आमच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्या मामांनी सरळ विचारलं, "कोणत्या गावचे हो?" तेव्हापासून परभणीत आमच्यात त्याचं नाव पाव्हणा पडलं. एप्रिल जवळ आला, भीमगीतांच्या तारखा लागायला लागल्या, की नवी पोरं विचारतात, "दादा, पाव्हणा स्क्रूवाला आणू का रेलवाला?"

स्क्रूवाला म्हणजे जुना, गिब्सन या गिटार कंपनीच्या घरातला. तिथल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून तो गिटारांवर दिसू लागला. शेजारीशेजारी दोन कॉइल (बारीक तारेच्या गुंडाळ्या), एकीत सहा स्क्रू, दुसरीत सहा गुळगुळीत खुंट्या. रेलवाल्यात या सगळ्यांच्या जागी प्रत्येक कॉइलमध्ये लोखंडाची एक सलग पट्टी असते. बाकी तत्त्व तेच. दोन कॉइलचे चुंबकीय ध्रुव एकमेकांच्या उलट, जोडणीही उलट. म्हणून तारेचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरून घुसलेली घरघर वजा होते. तेव्हा जनरेटर आणि ट्यूबलाइटची घरघर घालवायची एवढाच हेतू असेल, तर कुठलाही घ्या. आणि मांडवात अर्थिंगचाच पत्ता नसेल तर दोघंही हात टेकतात. आधी मंडपवाल्याला अर्थिंगचं विचारा, मग पिकअपवर पैसे घाला.

दुकानात रेल 'नवीन टेक्नॉलॉजी' म्हणून दाखवतात, ते काही खरं नाही. गिब्सनच्या १९३६ च्या ईएस-१५० गिटारवर, जी जॅझवाल्या चार्ली ख्रिश्चनमुळे गाजली, तिच्या पिकअपमध्ये सलग पट्टीच होती. तिच्यावर दुसरी तार, म्हणजे बी, फार मोठ्याने वाजायची. म्हणून पुढे त्या तारेखाली पट्टीला खाच पाडली. रेलची खरी अडचण त्या खाचेतच कळते. पट्टी सहाही तारांना एकाच मापाने मोजते. एखादी तार जास्त बोलायला लागली तर तिला दाबायची सोय नाही, फार तर अख्खा पिकअप एका बाजूने वरखाली करता येतो. स्क्रूवाल्यात पेचकस घेतला, अर्धा फेरा दिला, काम झालं. गंमत म्हणजे लव्हरच्या मूळ रचनेत हे स्क्रू नव्हतेच. विक्रीवाल्यांना गिऱ्हाइकापुढे बोलायला काहीतरी हवं होतं म्हणून ते आले, असं त्यानेच नंतर सांगितलं. मला मात्र ते कामाचे वाटतात. आपण बहुतेक जण ०९ किंवा १० चा तारांचा हलका सेट लावतो, त्यात तिसरी तार, म्हणजे जी, साधी (वरून वायर न गुंडाळलेली) असते आणि बाकीच्यांवर चढून बसते.

आता रेलच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा: बेंड केल्यावर (म्हणजे तार बोटाने आडवी ताणल्यावर) तार एका पोलवरून, म्हणजे स्क्रू किंवा खुंटीवरून, सरकून दोन पोलांच्या मधल्या जागेत जाते, आवाज पडतो, पट्टीवर तसं होत नाही. मुद्दा खरा आहे, पण तो कुठे लागू पडतो ते बघा. तार ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या खालच्या टोकाला, घट्ट अडकलेली असते. तुम्ही पंधराव्या फ्रेटवर कितीही ताणा, ब्रिजजवळच्या पिकअपवर ती जेमतेम सरकते. नेकच्या, म्हणजे मानेकडच्या, पिकअपवर मात्र चांगलीच सरकते. म्हणजे गाण्याच्या मधल्या तुकड्यात सनईसारखी मींड नेक पिकअपवर घेणारा असाल तर रेलचा फायदा ऐकू येईल. ब्रिजवर रिदम चोपणाऱ्याने या मुद्द्यावर पैसे खर्च करू नयेत.

दुसरा मुद्दा आवाजाचा, आणि इथे बरीच गल्लत होते. डिमार्झिओ कंपनीचा एक्स-टू-एन किंवा बिल लॉरेन्सचा एल-५०० प्रकार (मेटलवाल्या डाइमबॅग डॅरेलने वाजवलेला) ऐकून लोक म्हणतात, रेलचा आवाज जाड आणि तापट असतो. त्यातला मोठा वाटा पट्टीचा नाही. जास्त वेटोळी आणि अशा तापट मॉडेलांत बहुधा असणारं सिरॅमिक चुंबक, यांचा तो परिणाम. पट्टीमुळे कॉइलमध्ये लोखंड वाढतं, इंडक्टन्स वाढतो, वरचा चमचमाट थोडा उतरतो, एवढं मान्य. पण तेवढ्यावर मऊ जुना आवाज आणि मेटल यांतला फरक ठरत नाही. ज्याला जुन्या गिब्सनचा मधाळ आवाज हवाय त्याने रेल-स्क्रूचा वाद सोडून ॲल्निको चुंबकाचा, कमी वेटोळ्यांचा पिकअप शोधावा.

आपल्याकडे खरा निकाल लागतो तो गिटारमधल्या पिकअपच्या खाचेवर. मराठवाड्यात दहातल्या सात-आठ हातांत फेंडरच्या स्ट्रॅटसारखी गिटार दिसते (हा माझा अंदाज, मोजणी नव्हे), तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे एकेकच कॉइल असलेल्या अरुंद पिकअपांची. तिच्यात पूर्ण मापाचा हंबकर बसवायचा तर पिकगार्ड (पुढचं प्लॅस्टिकचं पान) कापा, कधी लाकूडही कोरा. हे काम सुताराकडे नेलेली एक गिटार मी पाहिलीय. त्या खड्ड्यात दिवाळीची पणती मावली असती. दोन पट्ट्या सिंगल कॉइलच्या मापात शेजारीशेजारी मावतात, म्हणून सेमूर डंकन कंपनीच्या हॉट रेल्ससारखा पिकअप जुन्या खाचेत तसाच बसतो. तारांचं अंतरही जुळवावं लागत नाही. स्ट्रॅटवाल्या पोरांना मी ब्रिजसाठी डोळे झाकून रेलच सांगतो. फक्त तो शेजारच्या दोघांपेक्षा फार मोठ्याने बोलेल, म्हणून तारांपासून जरा खाली ठेवा. आवाजाच्या बटणाखालचा २५० केचा (किलोओहमचा) पॉट तसाच ठेवलात तर आवाज दबलेला वाटेल. ५०० केचा घातला तर मोकळा होतो, पण मग उरलेले दोघे थोडे टोचतात. दोन्हीकडून पूर्ण सुख नाही.

गिब्सनच्या लेस पॉलच्या धर्तीची, पूर्ण मापाच्या हंबकरची खाच असलेली गिटार असेल तर मी स्क्रूवालाच ठेवीन. दोन्हींचं थोडं थोडं हवं असणाऱ्यांसाठी जो नेलरचा रेलहॅमर आहे, जाड तारांखाली पट्टी आणि बारीक तारांखाली पोल. कल्पना शहाणी वाटते, मी स्वतः बसवलेला नाही.

विकत घ्याल ते घ्या, पण चार रंगांच्या वायरी जोडताना त्याच कंपनीची आकृती समोर ठेवा. डंकनमध्ये काळी गरम (म्हणजे आवाज पुढे नेणारी), तांबडी-पांढरी एकत्र, हिरवी अर्थला. डिमार्झिओत तांबडी गरम, काळी-पांढरी एकत्र, हिरवी अर्थला. माझा पिकअप एकाचा आणि मोबाइलवरची आकृती दुसऱ्याची होती. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री सोल्डर करून ॲम्प लावला, तर तारांचा आवाज चिरका, बारीक आणि घरघर मात्र आधीपेक्षा जास्त. एक कॉइल उलटी जोडली गेली होती. जे वजा व्हायचं त्याची बेरीज होत होती आणि जे बेरजेत यायचं ते वजा. मामा म्हणाले, "पाव्हणा रुसलाय." त्या एका कॉइलची दोन टोकं आपसांत बदलली, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.