आयनॅचरलिस्ट: पदवीच्या संशोधन प्रकल्पासाठी कितपत उपयोगी?

पदवीच्या शेवटच्या वर्षी परिसंस्थाशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला छोटा संशोधन प्रकल्प करायचा असतो, तेव्हा त्याच्या हाती जेमतेम एका सत्राचा वेळ असतो, साधने मोजकी असतात आणि प्रजाती ओळखण्याचा सराव बहुधा नसतोच. या अडचणीवर तोडगा म्हणून सजीवांची छायाचित्रे चढवून त्यांची ओळख पटवून घेण्याची आयनॅचरलिस्ट ही सेवा हमखास सुचवली जाते. ती वापरायला पैसे पडत नाहीत, मोबाइलवर आणि संकेतस्थळावर दोन्हीकडे चालते आणि बुरशीपासून देवमाशापर्यंत कोणत्याही सजीवाची नोंद स्वीकारते. पदवीच्या प्रकल्पापुरता विचार केला, तर माझे मत असे आहे की ओळख शिकण्यासाठी आणि संशोधनाचा प्रश्न सापडण्यासाठी विद्यार्थ्याला याहून चांगले साधन सहजी मिळणार नाही; मात्र 'कुठे किती' या प्रश्नाचे उत्तर निव्वळ तिच्या नोंदींतून काढायला जाणारा बहुतेक वेळा फसेल.

ही सेवा मुळात विद्यार्थ्यांच्याच प्रकल्पातून उभी राहिली. 2008 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील तीन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अंतिम प्रकल्प म्हणून तिचे पहिले रूप तयार केले. पुढे 2014 मध्ये ती कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या छत्राखाली गेली, 2017 पासून नॅशनल जिओग्राफिक सोसायटीही त्यात सहभागी झाली आणि 2023 मध्ये ती स्वतंत्र ना-नफा संस्था बनली.

छायाचित्र चढवले की संगणकीय यंत्रणा लगेच संभाव्य नावे सुचवते, आणि नवखा विद्यार्थी इथेच सर्वाधिक हुरळून जातो. ही नावे छायाचित्रातील साम्य आणि आसपासच्या पूर्वीच्या नोंदी यांच्या आधारे येतात. ज्या प्रजातींची पुरेशी छायाचित्रे जमली आहेत त्याच या यंत्रणेला शिकवलेल्या असतात. त्यामुळे दुर्मीळ प्रजातीचे छायाचित्र दिले, तर तिच्यासारख्या दिसणाऱ्या एखाद्या सर्वपरिचित प्रजातीचे नाव पुढे येण्याचा संभव मोठा. प्लेन टायगर आणि डॅनाइड एगफ्लायची मादी ही फुलपाखरांची जोडी याचे चांगले उदाहरण आहे. प्लेन टायगरची अळी रुईच्या कुळातील विषारी चिकाच्या झाडांवर वाढते, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायची मादी त्याचाच केशरी-काळा वेश घेऊन पक्ष्यांना चकवते. मागच्या पंखावर नीट पाहिले तर प्लेन टायगरच्या मध्यभागाभोवती काळे ठिपके विखुरलेले दिसतात, एगफ्लायच्या मादीला मात्र पुढच्या कडेशी एकच ठिपका असतो. मागचा पंख पुढच्या पंखाखाली झाकला गेलेले छायाचित्र घेतले, तर यंत्रणेची सूचना हा निव्वळ अंदाज उरतो आणि तज्ज्ञाचाही नाइलाज होतो. सुचवलेले नाव निमूटपणे न स्वीकारता 'हेच का?' असे विचारायची सवय ज्याला लागते, तो विद्यार्थी या सेवेकडून पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकतो. खरे शिक्षण तर ओळख सुधारणाऱ्या अनोळखी जाणकारांकडून होते, कारण त्यांपैकी अनेक जण आपल्या ओळखीचे कारणही लिहितात.

नोंद संशोधनायोग्य असल्याचा 'रिसर्च ग्रेड' हा शिक्का मात्र जपून घ्यावा. नोंदीला तारीख, स्थान आणि छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण असावे, सजीव पाळलेला किंवा लावलेला नसावा आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचे प्रजातीवर एकमत व्हावे, एवढ्या त्याच्या अटी आहेत. किमान दोघांचे मत लागते. म्हणजे एकाच वर्गातील दोन मित्रांनी एकमेकांच्या नोंदींवर 'मान्य' म्हटले तरी शिक्का बसतो. प्रबंधिकेत 'सर्व नोंदी रिसर्च ग्रेड आहेत' असे वाक्य लिहून ओळखीचा विषय संपवणाऱ्या विद्यार्थ्याला मी तरी पूर्ण गुण देणार नाही. किती नोंदी त्याने स्वतः पुन्हा तपासल्या आणि कोणत्या लक्षणांवरून, हे त्याने लिहायला हवे.

पण सगळ्यात मोठी मर्यादा ओळखीत नसून शोधाच्या मोजमापात आहे. नोंद सांगते की अमुक ठिकाणी अमुक दिवशी हा प्राणी दिसला. त्यासाठी किती वेळ शोध घेतला, किती अंतर चालले आणि काय काय दिसूनही टिपले गेले नाही, यातले काहीच ती सांगत नाही. साहजिकच नोंदी रस्त्यांच्या कडेला, शहरांत, सुट्टीच्या दिवशी आणि दिवसाउजेडी गोळा होतात. रंगीत फुले आणि मोठी फुलपाखरे त्यांत भरपूर असतात, गवते आणि मातीतले किडे नगण्य. अशा नोंदींवरून विद्यार्थी जेव्हा 'बागेत रानापेक्षा अधिक प्रजाती आहेत' असा निष्कर्ष काढतो, तेव्हा त्याने बहुतेक करून माणसांची वर्दळ मोजलेली असते. त्यात एकाच फुललेल्या झाडासमोर अख्खा वर्ग उभा राहिला की त्या एका झाडाच्या वर्गसंख्येइतक्या नोंदी होतात, आणि विश्लेषणात त्या स्वतंत्र नमुने म्हणून शिरतात. संख्याशास्त्राच्या परीक्षेत नमुन्यांच्या स्वातंत्र्यावर टिपण लिहिणाऱ्यांच्याही हे ध्यानात येत नाही, याचे आश्चर्य वाटते.

ईबर्डशी तुलना केली की ही त्रुटी लख्ख दिसते. 2002 मध्ये सुरू झालेल्या त्या पक्षिनोंदींच्या सेवेत निरीक्षक पूर्ण यादी देतो, किती वेळ आणि किती अंतर फिरला ते लिहितो आणि 'ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले का?' या प्रश्नाला उत्तर देतो. त्यामुळे यादीत एखादा पक्षी नसणे हीसुद्धा माहिती ठरते. प्रकल्प पक्ष्यांच्या संख्येवर असेल तर विद्यार्थ्याने सरळ तिकडे वळावे. इतर गटांसाठी आयनॅचरलिस्टच वापरायचे असेल, तर ठरलेली वाट, ठरलेला वेळ आणि काही न दिसलेल्या फेऱ्यांची नोंद असलेला स्वतःचा तक्ता सोबत ठेवावा लागतो, आणि माझ्या मते तो तक्ता हाच प्रकल्पाचा गाभा असतो. छायाचित्रे त्याला पुरावा पुरवतात.

असे असले तरी काही प्रश्न जणू या सेवेसाठीच घडवलेले आहेत, आणि मार्गदर्शकांचे त्यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. नोंदीला झाडाची अवस्था जोडता येते: कळ्या, फुले, फळे वा बिया, किंवा यांपैकी काहीही नाही. हजारो जुन्या नोंदींवर हे काम कोणीच केलेले नसते. एखाद्या सर्वदूर पसरलेल्या वनस्पतीची छायाचित्रे एकेक करून पाहायची, अवस्था नोंदवायची आणि अक्षांशानुसार फुलोरा कसा सरकतो ते तपासायचे, हा बाहेर न पडताही होणारा आणि तरीही अस्सल परिसंस्थाशास्त्राचा प्रकल्प आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की लोक फुललेल्या झाडाचेच छायाचित्र अधिक काढतात, म्हणून फुलांच्या नोंदींची निव्वळ संख्या न पाहता सर्व नोंदींतील त्यांचे प्रमाण पाहावे, आणि तेही सावधपणे. दुसरा प्रकार इतरांच्या छायाचित्रांत अनवधानाने टिपल्या गेलेल्या दुसऱ्या सजीवाचा. फुलाच्या छायाचित्रात मधमाशी असते, फुलपाखराच्या छायाचित्रात पाकळीआड दबा धरलेला खेकडा-कोळी असतो. कोण कोणाच्या संगतीत दिसते याची सारणी अशा छायाचित्रांतून बनवता येते, आणि डोळ्यांना मिळणारे वळण हा त्यातला वरचा लाभ.

नकाशे करणाऱ्यांसाठी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. संकटग्रस्त प्रजातींची आणि निरीक्षकाने झाकायला सांगितलेली स्थाने ही सेवा मुद्दाम अंधुक करते: खऱ्या स्थानाऐवजी 0.2 अंश लांबी-रुंदीच्या चौकटीतला एक यादृच्छिक बिंदू दाखवला जातो. विषुववृत्तावर या चौकटीची बाजू सुमारे 22 किलोमीटर भरते. शिकाऱ्यांपासून आणि चोरट्या संग्राहकांपासून बचाव म्हणून हे योग्यच आहे, पण एक किलोमीटरच्या जाळीवर अधिवास जुळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या नकाशात असे बिंदू तलावाच्या मधोमध किंवा भलत्याच डोंगरावर पडतात. उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये स्थान झाकले आहे की नाही याचा वेगळा स्तंभ असतो आणि अचूकतेची त्रिज्या मीटरमध्ये दिलेली असते. हे दोन स्तंभ वाचून गाळणी लावल्याशिवाय नकाशा काढूच नये.

एक किरकोळ पण छळणारी बाब म्हणजे मेसेजिंग अ‍ॅपवरून मित्राकडून आलेल्या छायाचित्रात मूळ तारीख आणि स्थान बहुधा पुसले गेलेले असते, त्यामुळे ज्याने छायाचित्र काढले त्यानेच मूळ फाइल चढवणे बरे.

शिक्षकांनी 'प्रत्येकाने पन्नास नोंदी कराव्यात' असा दंडक घातला, की कुंड्यांतली शोभेची झाडे 'लावलेले' अशी खूण न करता रानटी म्हणून चढवली जातात, अंधुक छायाचित्रांचा पूर येतो आणि ती निस्तरण्याचे काम विनामोबदला ओळख पटवणाऱ्या जाणकारांवर पडते. त्यापेक्षा नोंदी कमी मागाव्यात, पण झाडाचे फूल, पानाच्या दोन्ही बाजू आणि खोड असे निरनिराळे कोन एकाच नोंदीत मागावेत. त्याखेरीज इतरांच्या काही नोंदी ओळखण्याचे कामही विद्यार्थ्यांना द्यावे. ओळख शिकण्याचा तोच जलद मार्ग आहे.

माहिती घेताना थेट आयनॅचरलिस्टवरून घ्यावी की जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता भांडारातून, हे प्रश्नावर अवलंबून आहे. जीबीआयएफकडे फक्त रिसर्च ग्रेडच्या आणि योग्य परवाना असलेल्या नोंदी जातात, पण तिथे प्रत्येक डाउनलोडला कायमस्वरूपी डीओआय क्रमांक (म्हणजे संदर्भ देण्यासाठीचा डिजिटल ओळखक्रमांक) मिळतो आणि तो प्रबंधिकेत देता येतो. याचे महत्त्व पदवीच्या पातळीवर कमी लेखले जाते. आयनॅचरलिस्टवरील ओळख कधीही बदलू शकते, प्रकल्प सादर झाल्यानंतरसुद्धा. आणि एखाद्याने खाते बंद केले तर त्याच्या नोंदीही त्यासोबत जातात. म्हणून कोणत्या दिवशी कोणत्या गाळण्या लावून माहिती उतरवली, हे कार्यपद्धतीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि मूळ फाइल मार्गदर्शकाकडेही ठेवावी.