स्वतःची आठवण की इतरांचा गंध?

युरोपातल्या बागांत सर्रास दिसणारी काळी मुंगी, लासियस नायगर. दुफाट्यावर तिला एकीकडे स्वतःची आठवण खेचते, दुसरीकडे सोबतिणींनी जमिनीवर सोडलेला गंध. प्रयोगात दोन्हींचा मुद्दाम विरोध घडवला, तेव्हा बहुतेक मुंग्यांनी आठवणीचीच बाजू घेतली. मला हे विलक्षण वाटतं, कारण मुंगी म्हणजे रांगेमागे निमूट जाणारा जीव अशीच आपली समजूत असते.

गंधाचं मोल कमी नाही. नवख्या मुंगीला तोच आधार. 1989 साली अर्जेंटिनी मुंग्यांपुढे लांब आणि आखूड असे दोन पूल ठेवले होते. आखुडावरून फेरी लवकर पुरी होते, गंध भराभर साचतो आणि काही वेळात जवळजवळ सगळी वर्दळ तिकडे वळते, कुणीही अंतर न मोजता. पण आखूड पूल उशिरा जोडला, तर त्या लांबच्याच वाटेला चिकटून राहतात. तिथे मात्र लासियस सरस. चुकीची दिशा जाणवताच ती उलट फिरते.

आठवणीच्या बाबतीतही ती हटवादी नाही. सोबतिणीने तोंडाने भरवलेला थेंब आपल्या ओळखीच्या अन्नापेक्षा गोड निघाला, तर ती आठवण बाजूला सारून गंधामागे जाऊ लागते.