कोहेसिव्ह पट्टी : तारेने कापलेल्या घोडीच्या पायावरचा अनुभव

परभणी, नांदेड, लातूर अशा जिल्ह्याच्या गावी जनावरांच्या औषधांच्या दुकानांत अलीकडे एक रंगीत, सुरकुतलेली, ताणली जाणारी पट्टी मिळते. ती केसांना किंवा कातडीला चिकटत नाही, फक्त स्वतःलाच चिकटते, त्यामुळे तिला गाठ, पिन किंवा चिकटपट्टी लागत नाही. दुकानदार तिला कोहेसिव्ह बँडेज म्हणतात. पण थ्रीएम कंपनीचे ‘व्हेटरॅप’ हे नाव घोडेवाल्यांत इतके रुळले आहे की कोणत्याही कंपनीची पट्टी त्याच नावाने मागितली जाते. घोड्यासाठी घ्यायची ती साधारण चार इंच रुंद असते आणि पूर्ण ताणल्यावर साडेचार मीटरच्या आसपास भरते. माझे मत आधीच सांगतो. गुडघ्याखालच्या जखमेसाठी, जाड कापसावरून आणि बरे होण्याच्या पहिल्या टप्प्यात ही पट्टी दिलेले पैसे वसूल करून देते. कापूस न घालता ती थेट पायावर गुंडाळायची असेल, तर मात्र ती घेऊच नये.

आमची कुमैत (तांबूस-तपकिरी, काळ्या आयाळीची) घोडी पूर्णेच्या काठच्या गायरानात चरत असताना सोयाबीनच्या कडेने लावलेल्या काटेरी तारेत अडकली. रोही आणि रानडुकरे पीक ठेवत नाहीत, म्हणून आमच्या भागात आता बांधाबांधाला तार दिसते, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देता येत नाही. अडचण घोड्याच्या स्वभावात आहे. पाय अडकला की बैल पुष्कळदा जागीच थांबतो, घोडा मात्र बिथरून सगळ्या ताकदीने पाय मागे ओढतो, आणि तार कातडी सोलत जाते. घोडीच्या मागच्या डाव्या पायाच्या नळीवरची, म्हणजे मोठ्या सांध्याखालच्या लांब हाडावरची, कातडी अशीच फाटून खाली लोंबत होती. पशुवैद्यकांनी गुंगीचे औषध देऊन जखम धुतली, जेथे कातडी जुळत होती तेथे टाके घातले, उरलेला भाग उघडा ठेवला आणि धनुर्वाताची लस दिली. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीतही असतात, आणि पाळीव जनावरांत घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, त्यामुळे या लसीबाबत हयगय करून चालत नाही. त्यानंतर त्यांनी लिहून दिलेल्या यादीत ही पट्टी होती.

पट्टीचे मोल कळण्यासाठी घोड्याच्या पायाची रचना ध्यानात घ्यावी लागते. गुडघ्याच्या आणि मागच्या मोठ्या सांध्याच्या खाली घोड्याला मांस जवळजवळ नसते. हाड, स्नायूबंध आणि वर ताणून बसवलेली कातडी एवढेच असते. रक्तपुरवठा कमी, हालचाल मात्र सतत, आणि जखम जमिनीच्या, म्हणजे शेणमातीच्या अगदी जवळ. अंगावरच्या जखमेत नवी कातडी दिवसाला सुमारे ०.२ मिलिमीटर पुढे सरकते, तर पायाच्या खालच्या भागात तिचा वेग ०.०९ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही कमी असतो. शिवाय अंगावरची जखम आवळून लहान होते, तशी पायावरची फारशी होत नाही. त्यामुळे चार-पाच सेंटीमीटर रुंदीची उघडी जखम भरायला महिनेच्या महिने लागतात, आणि एवढा काळ ती स्वच्छ, दमट आणि स्थिर कशी ठेवायची, हाच खरा प्रश्न असतो.

घरात असलेली साधी क्रेप पट्टी आम्ही आधी वापरून पाहिली. ती स्वस्त आहे, धुऊन पुन्हा वापरता येते, आणि ज्याला मोतद्दाराचा, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याचा, सराव आहे त्याच्या हातून ती चांगली बसतेही. परंतु घोडी ठाणावर, म्हणजे बांधण्याच्या जागी, चार पावले फिरली की क्रेप खाली सरकू लागते, घोट्यावर तिची वळकटी होते आणि तेथेच ती काचते. सरकलेली पट्टी ही नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट, कारण जखम उघडी पडते आणि आवळलेला भाग सुजतो. कोहेसिव्ह पट्टीचा प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला धरून ठेवत असल्यामुळे ती जागची हलत नाही. सकाळी बांधलेली पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीही जागेवरच सापडली, हा फरक पहिल्याच दिवशी दिसला. रक्त वाहत असेल, तर डॉक्टर येईपर्यंत दाबपट्टी म्हणूनही ती क्रेपपेक्षा कितीतरी सरस ठरते.

मात्र या पट्टीचा जो गुण, तोच तिचा धोका आहे. क्रेप जास्त आवळली तरी काही वेळाने सैल पडते. ही पट्टी आवळली की आवळलेलीच राहते. कापसाविना किंवा पातळ कापसावरून ती ताणून बांधली, तर नळीच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या स्नायूबंधांवर दाब येतो, आणि जखम भरली तरी घोडा कायमचा लंगडा होण्याची शक्यता राहते. म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांनी तीन थर सांगितले. जखमेला टेकणारी पॅराफीनची जाळी, जी सोलताना नवे मांस उचकटत नाही. तिच्यावर कापसाच्या लडीचा दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा सारखा थर. आणि सगळ्यांत वर ही पट्टी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याची निम्मी रुंदी झाकेल असा द्यायचा, पट्टी तिच्या ताकदीच्या निम्म्याइतकीच ताणायची, आणि वर-खाली कापसाची बोटभर किनार पट्टीबाहेर मोकळी ठेवायची, म्हणजे पट्टीची कड कातडीत रुतत नाही. गुंडाळी आवळून आलेली असते, म्हणून बांधण्याआधी ती पूर्ण सोडून पुन्हा सैल गुंडाळून घेतली, तर नकळत दिला जाणारा ताण बराच टळतो. वेढे डावीकडून द्यावेत की उजवीकडून, यावर आमच्याकडचे जुने घोडेवाले तासभर वाद घालू शकतात. माझ्या मते दिशेपेक्षा ताण सर्वत्र सारखा असणे महत्त्वाचे आहे.

बांधून झाल्यावर वरच्या कडेतून एक बोट सहज आत जायला हवे. घोडी पट्टीला दातांनी धरू लागली, पाय आपटू लागली, पट्टीच्या वर किंवा खाली सूज आली, किंवा कालच्यापेक्षा आज जास्त लंगडू लागली, तर वेळ न घालवता पट्टी कापून काढावी. येथे महागाईचा विचार करू नये. गुडघ्यावर आणि मागच्या मोठ्या सांध्यावर ही पट्टी बांधण्याचे काम मालकाने स्वतः करू नये, असेही मी म्हणेन, कारण तेथे हाडाची टोके वर आलेली असतात, त्यांच्यावर दाब पडून नवीच जखम होते, आणि तो दाब कसा चुकवायचा हे सरावाशिवाय जमत नाही.

आता मराठवाड्यातल्या हवेविषयी. वेष्टनावरच्या सूचनांत परभणीचा उन्हाळा कोणी गृहीत धरलेला नसतो. बहुतेक पट्ट्यांत रबराचा अंश असतो आणि उष्णतेने रबर मरते. एका दुकानातून आणलेली पट्टी सोडतानाच ठिकठिकाणी फाटली, आणि उरलेली आपल्याच थरांना इतकी घट्ट चिकटलेली होती की सुटेना. माल बहुधा पत्र्याखाली उन्हाळा काढून आलेला होता. दुकानदाराने बदलून दिली नाही. तेव्हापासून मी वेष्टनावरची मुदत पाहतो, दुकानात उभ्या उभ्याच दोन वेढे सोडून बघतो, आणि घरी पट्टी ठाणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता घरातल्या पेटीत ठेवतो. पावसाळ्यात उलटा त्रास होतो. पट्टी बाहेरून भिजली की पाणी कापसापर्यंत झिरपते, कापूस ते धरून ठेवतो आणि जखम आत सडू लागते, त्यामुळे भिजलेली पट्टी वाळण्याची वाट न पाहता बदलावीच लागते. चिखलाच्या दिवसांत घोडी कोरड्या जागी बांधण्याची सोय नसेल, तर ही पट्टी वापरण्यात फारसा अर्थ नाही.

खर्चाच्या बाबतीत ही पट्टी खर्चिकच आहे, आणि ते दुकानदार सांगत नाहीत. मला एक गुंडाळी दोनशे रुपयांच्या आसपास पडली. ती एकदाच वापरता येते, आणि जाड कापसावरून नळीपासून घोट्याखालपर्यंत बांधायचे तर एक गुंडाळी जेमतेम पुरते. सुरुवातीला जखमेतून पाझर जास्त असतो तेव्हा पट्टी रोज किंवा दिवसाआड बदलावी लागते; पाझर कमी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी बदलली तरी चालते. बदलताना जखम धुण्यासाठी उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे, मीठ पुरते. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे असेल, तर पाण्याला फिक्या चहासारखा रंग येईल इतकेच. ते जसेच्या तसे ओतले तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना समाधान वाटते, पण भरत येणाऱ्या जखमेवर त्याने नुकसानच होते. हळद-चुना, वंगण, डिझेल या गावठी उपायांनाही माझा विरोध आहे, आणि ही महागडी पट्टी त्यांच्यावरून बांधणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पावसाळ्यात माश्यांनी जखमेत किडे पाडण्याचा जो धोका असतो, तो मात्र नीट बांधलेल्या पट्टीने पुष्कळच कमी होतो, आणि माझ्या हिशेबी दोनशे रुपयांतला मोठा वाटा या एका गोष्टीसाठी दिलेला आहे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पट्टी थांबवण्याचा आहे, आणि त्याबद्दल वेष्टनावर एक ओळही नसते. पायाच्या उघड्या जखमेत तळापासून लालसर, दाणेदार मांस वर येते. ते कातडीच्या पातळीपर्यंत येणे आवश्यक असते, कारण नवी कातडी त्याच्यावरूनच सरकते. घोड्याच्या पायात मात्र हे मांस पुष्कळदा थांबत नाही, कातडीच्या वर फुगून येते, आणि मग कडेची कातडी त्याच्यावर चढू शकत नाही. पट्टीखालचा दमटपणा सुरुवातीला जखम भरायला मदत करतो, पण पुढे हाच दमटपणा फाजील मांस वाढवायलाही हातभार लावतो. म्हणजे ज्या पट्टीने पहिले काही आठवडे काम केले, तीच पुढे अडसर होऊ शकते. मांस कातडीच्या बरोबरीला आले की डॉक्टरांना दाखवून पट्टी चालू ठेवायची, सैल करायची की बंद करायची, हे ठरवून घ्यावे. वाढलेले मांस डॉक्टर पात्याने कापतात. त्यात संवेदना नसल्याने घोडा शांत उभा राहतो, पण रक्त भरपूर येते, आणि ते पाहून मालकच खाली बसतो. या मांसावर मोरचूद लावण्याची पद्धत आमच्याकडे अजून आहे; त्याने फाजील मांसाबरोबर कडेची नाजूक नवी कातडीही जळते आणि जखम पुन्हा मागे जाते.

जखम सांध्याजवळ असेल, तिच्यातून पिवळसर, तारा सुटणारा चिकट द्रव येत असेल, किंवा घोडा पाय टेकवतच नसेल, तर घरची पट्टी हा त्यावरचा उपाय नव्हे. सांध्यात जंतू शिरले असतील तर प्रत्येक तासाला महत्त्व असते. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक अशा वेळी लावावा. गाडीची सोय होत असेल, तर परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रवासापुरती मात्र हीच पट्टी, भरपूर कापसावरून, फार उपयोगी पडते.

पट्टी बांधून ठाणावर उभ्या असलेल्या घोड्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी करून चारा वाढवावा, कारण काम नसताना दाणा तसाच चालू ठेवला तर पोटदुखीचा धोका वाढतो. चांगल्या पायाकडेही लक्ष ठेवावे. दुखऱ्या पायाचा भार शेजारच्या पायावर पडत असतो, म्हणून आमच्याकडे त्या पायालाही आधाराची पट्टी बांधली होती, आणि तेथे साधी धुतलेली क्रेप पुरेशी ठरली.

घ्यायची असेल, तर चार इंची घ्यावी. दोन इंची स्वस्त वाटते, पण अरुंद पट्टी पायात दोरीसारखी रुतते. रंग फिका घ्यावा. वरातीच्या घोड्यांचे मालक हौसेने लाल मागतात, आणि लाल पट्टीवर आतून पाझरलेले रक्त लवकर दिसत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे घेऊन जाणाऱ्यांनी दोन गुंडाळ्या, कापसाची लड आणि पॅराफीन जाळी सामानात टाकून ठेवावी, कारण गर्दीत बांधलेल्या घोड्यांत लाथेची किंवा खुंट्याची जखम व्हायला वेळ लागत नाही.