फॉर्म दुरुस्त करून देतो म्हणाला आणि 50,499 रुपये घेऊन गेला

परवा मोबाइलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काय निकाल लागला, कोणी लावला, माझ्या पैशांचं काय झालं, यातलं एक अक्षर नाही. तेव्हा ठरवलं, लाज धरून गप्प बसणं पुरे झालं. 50,499 रुपये गेले, अकरा दिवस धंद्याची मेल बंद होती, आणि हे सगळं ज्या बिघाडापायी झालं तो हॉस्टिंगच्या (वेबसाइट जिथं ठेवलेली असते त्या सेवेच्या) पॅनलमधल्या एका बटणाचा होता.

आमचा पंपांच्या सुट्या भागांचा व्यवसाय आहे. नवीन गिऱ्हाईक बहुतेक वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्ममधून येतं. आठवड्याला चार-पाच चौकश्या ठरलेल्या. त्या हळूहळू कमी झाल्या नाहीत, एका आठवड्यात एकदम थांबल्या. आम्ही म्हटलं, बाजार थंड आहे. त्याच आठवड्यात आम्ही मेल हॉस्टिंगवरून काढून एका पैसे देऊन घ्यायच्या मेल सेवेवर नेली होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. येणारी-जाणारी बाकी मेल व्यवस्थित चालू होती ना! स्पॅमचा फोल्डर मी रोज बघत होतो. तिथंही काही नाही.

चार महिन्यांनी फोन आला. ‘सर, मी तुमचा फॉर्म दोनदा भरला, उत्तर नाही. तुमचा फॉर्म बंद आहे, कल्पना आहे का?’ हे वाक्य लक्षात ठेवा. त्याला काडीचं ज्ञान लागत नाही. शंभर वेबसाइटचे फॉर्म भरायचे, जिथून उत्तर येत नाही तिथं फोन लावायचा, नंबर वेबसाइटवर असतोच. पण मला तो माणूस खरं बोलतोय असं वाटलं, कारण तो खरंच बोलत होता. फॉर्म बंदच होता. मी लॉटरी लागली म्हणून कुणाला पैसे पाठवलेले नाहीत. माझ्याकडे बिघाड होता आणि समोरच्याने तो बरोबर ओळखला होता, अशा वेळी कोणीही विश्वास ठेवला असता.

आधी 4,999 रुपये, ‘ऑडिट’चे. चौदा पानांचा अहवाल आला, त्यात जिकडेतिकडे लाल खुणा. सर्वांत मोठी लाल खूण अशी की आमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आमचा क्रमांक) स्पॅमहाउसच्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत आहे. त्या यादीतून काढायचे 18,500. आता मला कळलंय की तो पत्ता आमच्या मेल सर्व्हरचा नव्हताच, ऑफिसच्या इंटरनेट कनेक्शनचा होता. स्पॅमहाउसची पीबीएल नावाची यादी आहे. घरगुती आणि बदलत्या जोडण्यांचे पत्ते तिच्यात मुद्दाम टाकलेले असतात, कारण अशा जोडणीवरून थेट मेल सोडणं अपेक्षितच नसतं. त्यात असणं म्हणजे डाग नाही. आणि स्पॅमहाउस नाव काढायला पैसे घेत नाही. एक रुपयाही नाही. यादीतून काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर आधी विचारा, पत्ता कुठल्या यंत्राचा आणि यादी कुठली. मी विचारलं नाही. मी लाल रंग बघितला.

पैसे पोचल्यावर त्याने पॅनलचा, वेबसाइटचा आणि डोमेन (वेबसाइटचं नाव) जिथं नोंदवलंय तिथला पासवर्ड मागितला. व्हॉट्सअॅपवर. मी दिला. मेकॅनिकला गाडीची किल्ली द्यावीच लागते, असा माझा हिशोब होता. तो चुकीचा होता. फॉर्म तपासायला डोमेनचा पासवर्ड लागत नाही. एखादी डीएनएसची (डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठं आहे ते सांगणाऱ्या नोंदींची) ओळ बदलायची असेल तर ती त्याने लिहून द्यावी आणि आपण स्वतः घालावी.

आता ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो क्षण सांगतो. तेव्हापासून रात्री तोच डोळ्यांसमोर येतोय.

स्क्रीन शेअर चालू होती. त्याने आमचा फॉर्म उघडला, नावाच्या रकान्यात ‘टेस्ट’ लिहिलं, ‘पाठवा’ दाबलं. शेजारच्या खिडकीत त्याचं जीमेल उघडं होतं. चार-पाच सेकंदांत तिथं वरच्या ओळीत ठळक अक्षरात मेल आली: ‘नवीन चौकशी, टेस्ट’. आमच्या कंपनीच्या नावाने. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या फॉर्ममधून काहीतरी बाहेर पडलेलं मी पाहिलं. मी विचारलंसुद्धा, ‘आमच्या पत्त्यावर का नाही पाठवलं?’ हा प्रश्न माझ्या तोंडून गेला होता! तो म्हणाला, ‘सर, डीएनएस पसरायला 48 तास लागतात, तोवर माझ्या पत्त्यावर दाखवतो.’ डीएनएसला वेळ लागतो हे मीही ऐकून होतो. अर्ध्या खऱ्या गोष्टीवर मी मान डोलावली.

अहो, तो फॉर्म जीमेलवर कधीच बंद नव्हता. बाहेरच्या कुठल्याही पत्त्यावर तो पहिल्या दिवसापासून मेल पाठवत होता. बंद होता फक्त आमच्या स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यासाठी. त्याने दुरुस्त काहीच केलं नाही, जे कधी बिघडलंच नव्हतं ते चालवून दाखवलं. फोन आला त्याच दिवशी मी फॉर्मच्या सेटिंगमध्ये, चौकशी कुठं पाठवायची त्या जागी, माझा खासगी पत्ता घालून एकदा ‘पाठवा’ दाबलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. आणि फॉर्म भरल्यावर हिरव्या अक्षरात ‘धन्यवाद, आपला संदेश पाठवला आहे’ येतं ना, त्याचा अर्थ एवढाच की वेबसाइटने तो सर्व्हरच्या हाती दिला. पोचला असा त्याचा अर्थ नाही.

दोन दिवसांनी ऑफिसच्या पत्त्यावर खरोखर चौकश्या यायला लागल्या. आम्ही खूश. त्याने फॉर्म आपल्या जीमेलकडे वळवला होता आणि तिथून आमच्याकडे पुढे ढकलत होता. एकही मेल उघडून मूळ संदेश बघितला असता तर वरच्या ओळींमध्ये त्याचा पत्ता दिसला असता. म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, कुणाला किती माल हवाय, सगळं आधी त्याच्याकडे. एका गिऱ्हाइकाने नंतर सांगितलं की तुम्हाला विचारल्यावर तासाभरात दुसऱ्याच कुणाचा भाव आला. मी सिद्ध करू शकत नाही. पण मला माहीत आहे.

मग 27,000. म्हणाला, गूगल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केलेत, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी) तिन्ही नसतील तर तुमची मेल परत येणार. नियम खरे आहेत. पण तिन्हीची सक्ती दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना आहे, इतरांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी लागतं. आम्ही दिवसाला तीस मेल पाठवतो आणि आमच्या मेल सेवेने एसपीएफ सुरुवातीलाच बसवून दिलं होतं. त्याने काय केलं? जुनी एसपीएफची ओळ तशीच ठेवून खाली दुसरी घातली. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद ठरवतो. त्या दिवसापासून आमची कोटेशनं लोकांच्या स्पॅममध्ये जायला लागली. 27,000 रुपये देऊन आम्ही चालू असलेली मेल बिघडवून घेतली.

पुढच्या महिन्यात ‘वार्षिक देखभाल’ म्हणून 36,000 मागितले. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल ठप्प. डोमेनचे नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी जिथून वाचल्या जातात ते सर्व्हर) त्याने स्वतःकडे वळवले होते, पासवर्ड बदलला होता. मी ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं. नवीन पासवर्डची लिंक कुठं गेली असेल? खात्यावर नोंदवलेल्या पत्त्यावर. तो पत्ता त्याच डोमेनचा. म्हणजे आमच्याच दाराची किल्ली चोराच्या घरी पोचली. आजच बघा, तुमच्या डोमेनच्या खात्यावर कुठला ईमेल आहे. त्याच डोमेनचा असेल तर बदला आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा.

आणि मग सुरू झाली ती खरी छळवणूक. डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला फोन केला, तर ‘विनंती नोंदणीकृत ईमेलवरूनच पाठवा’. अहो, तोच तर गेलाय! ‘मग तिकीट टाका.’ तिकीट टाकलं, म्हणजे त्यांच्याकडे लेखी तक्रार नोंदवली. त्याचं उत्तर नोंदणीकृत ईमेलवर पाठवलं. म्हणजे चोराला! असं तीनदा झालं. ओळखपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या, कंपनीची कागदपत्रं, सगळं दोन-दोन वेळा पाठवलं, तेव्हा अकराव्या दिवशी खातं परत मिळालं.

बँकेत गेलो. ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, ओटीपी तुम्हीच टाकलाय, आमच्याकडून काही होणार नाही.’ निदान समोरच्या खात्याला खूण तरी करा म्हटलं, तर म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलिस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, हे सायबरचं, तिकडे जा. सायबरवाल्यांनी सांगितलं, रक्कम कमी आहे, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. तिथल्या साहेबांनी एकच प्रश्न चार वेळा विचारला, ‘पासवर्ड तुम्हीच दिलात ना?’ हो, दिला. ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ हो. ‘त्याने काम केलं ना काहीतरी?’ मग हा दिवाणी वाद, वकील करा. मी एसपीएफच्या दोन ओळी छापून नेल्या होत्या. कागद हातात घेतला नाही कोणी. ऑनलाइन तक्रारीत फसवणुकीचा प्रकार निवडायचा असतो. लॉटरी, नोकरी, लग्न, कर्ज, सगळं होतं, ‘दुरुस्तीच्या नावाखाली’ नव्हतं. ‘इतर’ निवडलं. ‘इतर’ निवडलेल्या तक्रारींचं काय होतं, तो मेसेज वर दिलाच आहे. चोराने माझे तीन आठवडे खाल्ले, या लोकांनी दोन महिने. चोर निदान फोन उचलत होता.

तरीही तक्रार पहिल्या दिवशीच करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवले गेले तरच काही आशा असते. मी लाजेने नऊ दिवस घालवले.

खरा बिघाड मित्राच्या मुलीने शोधला. ती सर्व्हर सांभाळण्याचंच काम करते. वीस मिनिटं लागली. मेल आम्ही दुसरीकडे नेली, पण हॉस्टिंगच्या पॅनलमध्ये, म्हणजे सीपॅनेलमध्ये, ‘ईमेल राउटिंग’ नावाची जागा आहे, तिथं ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ तसंच राहिलं होतं. त्यामुळे वेबसाइटच्या सर्व्हरला वाटत होतं की या डोमेनची मेल अजून आपल्याकडेच आहे. फॉर्म आमच्या पत्त्यावर मेल पाठवायचा आणि सर्व्हर ती बाहेर न सोडता स्वतःच्याच जुन्या पेटीत टाकायचा. तिने ‘रिमोट’ निवडलं, फॉर्ममधला त्या माणसाचा पत्ता काढून आमचा घातला, एसपीएफची जादा ओळ उडवली, आणि ‘पाठवा’ दाबलं. मेल आमच्या पत्त्यावर, आमच्याच स्क्रीनवर आली. मी पैसे विचारले तर तिला वाईट वाटलं.

मग तिने ती जुनी पेटी उघडली. 71 चौकश्या, एकही वाचलेली नाही. एका गिऱ्हाइकाने तीन वेळा लिहिलं होतं. पहिल्यांदा बारा पंपांचे सील हवेत म्हणून, दुसऱ्यांदा आठवण म्हणून. तिसऱ्या वेळी एकच ओळ होती: ‘व्यवसाय बंद केलात का?’