अँकीड्रॉइडवर इंग्रजी शब्द: काही महिने वापरल्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. आलेले मेल वाचताना अडत नाही, पण लिहायला बसलं की तेच ते 'रिड्यूस', 'इम्प्रूव्ह' आणि 'प्रॉब्लेम'. म्हणून उन्हाळ्यात अँकीड्रॉइड घेतलं, म्हणजे 'अँकी' या कार्डांवरून उजळणी करून घेणाऱ्या प्रोग्रॅमचं अँड्रॉइड फोनवरचं ॲप. आता थंडी पडली तरी वापर चालूच आहे.

ॲप फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. कार्डावर प्रश्न येतो, उत्तर मनात म्हणायचं, कार्ड उलटायचं आणि 'अगेन', 'हार्ड', 'गुड', 'इझी' यांतलं एक बटण दाबायचं. आठवलं तर तेच कार्ड पुढं लांबच्या तारखेला येतं, विसरलं तर लगेच. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच मांडलं होतं. त्यासाठी अर्थहीन अक्षरं पाठ करत त्यानं स्वतःवरच प्रयोग केले. ॲप तेवढा हिशोब आपल्या वतीनं ठेवतं.

तयार डेक, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले कार्डांचे गठ्ठे, मात्र कुणी घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत. मी पाहिलेल्या एकात 'मिटिगेट', 'अलीव्हिएट' आणि 'कर्टेल' या तिघांसमोर एकच अर्थ होता: कमी करणे. परीक्षेत गोल काळा करायला ठीक, पण मेलमध्ये काय लिहाल? जोखीम 'मिटिगेट' होते, दुखणं किंवा गरिबी 'अलीव्हिएट' आणि खर्च 'कर्टेल'. माझं कार्ड असं आहे: 'वी हॅव टेकन स्टेप्स टू (रिकामी जागा) द रिस्क ऑफ पोरॉसिटी.' (पोरॉसिटी म्हणजे ओतीव कामात राहणारी बारीक छिद्रं.) मागच्या बाजूला शब्द, मराठीत अर्थ आणि त्याच्या शेजारी बसणारे दोन-तीन शब्द. वाक्य शक्यतो आपल्याच कामातलं. अशा कार्डाला इथं 'क्लोझ' म्हणतात. एक बनवायला दोन-तीन मिनिटं जातात, पण निम्मा शब्द तिथंच पाठ होतो.

शब्द कुठले घ्यायचे? जीआरई या परदेशी उच्चशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेच्या याद्यांतला 'पल्क्रिट्यूड' ग्राहकाला लिहिणार कोण! त्यापेक्षा न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट बरी. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं (एका मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट) आहेत आणि बरेचसे शब्द ऑफिसच्या भाषेत चालतात. बाकीचे मी रविवारी करवीर नगर वाचन मंदिरात इंग्रजी पेपर चाळताना टिपून घेतो.

त्रास एकच, पण मोठा. ॲपला सुट्टी कळत नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं सरकायला लागलं, की कोल्हापुरात कुणाला कार्ड सुचतंय? त्या दिवसांत घरातलं सामान माळ्यावर चढवण्यात आठवडा गेला आणि नंतर ॲप उघडलं तर उजळणीचा हा ढीग. नवी कार्डं शून्यावर आणून आधी साठलेली उपसली, तेव्हा गाडी रुळावर आली. एरवीही रोज २० नवी कार्डं ही मूळ सेटिंग नोकरदाराला झेपत नाही. पाच-सहा पुरे.

सेटिंगमध्ये 'एफएसआरएस' ही उजळणीच्या तारखा ठरवणारी पद्धत चालू करा. किती टक्के लक्षात राहावं हे त्यात आपण ठरवतो. मूळ आकडा ९० आहे, तोच ठेवा. ९५ केलं की रोजची कार्डं भसाभस वाढतात. आठ वेळा विसरलेलं कार्ड ॲप 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारतं आणि सेटिंग तशी असेल तर बाजूला ठेवतं. माझ्याकडं 'इन्जीनियस' आणि 'इन्जेन्युअस' ही जोडी तिथं जाऊन बसलीय. बसू दे.

बोलण्यात मात्र फारसा फरक नाही. व्हिडिओ कॉलवर अजून 'रिड्यूस'च तोंडात येतं, लिहिताना 'मिटिगेट' आपसूक येतो. शेजारच्या टेबलावरचा मित्र विचारतो, "भावा, क्लास लावलास काय?" त्यालाही ॲप सांगितलंय, पण त्याचा आयफोन आहे आणि तिथं अँकीचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं. अँकीची वेबसाइट मात्र फुकट आहे, तो ती ब्राउझरमध्ये उघडून काम भागवतो.