मोफत चाचणी, ‘गंभीर’ निकाल आणि आगाऊ पैसे

परीक्षेच्या तोंडावर झोप उडालेल्या मुलांना गाठून पैसे उकळण्याचा एक धंदा सध्या जोरात आहे. माझे पैसे त्यात गेलेत. ते कसे काढून घेतले, हे नीट सांगते, कारण ही पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते.

कॉलेजच्या समुपदेशकाकडे माझा नंबर लागायला वेळ होता. त्याच सुमारास मोबाइलवर ‘विद्यार्थ्यांसाठी मोफत माइंड टेस्ट’ दिसली. पहिले नऊ प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल होते: कशात रस वाटत नाही का, झोप कशी आहे, लक्ष लागतं का. ही प्रश्नावली त्यांची नव्हतीच. पीएचक्यू-९ नावाची नैराश्याची ही साधी चाळणी चाचणी जगभरचे डॉक्टर वापरतात आणि ती कुणालाही फुकट मिळते. तिचे गुण शून्य ते २७ असतात. गुण १० किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासणी करावी, एवढंच ती सांगते. निदान करत नाही. मला मात्र लाल अक्षरांत निकाल आला: ‘डिप्रेशन ७८ टक्के, तातडीने हस्तक्षेप आवश्यक.’ ही टक्केवारी कुठून काढली, देव जाणे.

खरी चीड येते ती नवव्या प्रश्नाची. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असा तो प्रश्न आहे. मी ‘काही दिवस’वर खूण केली होती. बाकीचे गुण कितीही कमी असोत, जाणकार माणूस आधी या उत्तराबद्दल विचारतो. निकालानंतर त्यांच्याकडून मला फोन करणाऱ्या बाईंनी घरी कमावणारं कोण आहे, हप्ते चालतील का आणि कार्ड कोणत्या बँकेचं, हे सगळं विचारलं. त्या उत्तराबद्दल चकार शब्द काढला नाही.

अहवालाच्या दुसऱ्या पानावर माझा स्वभाव लिहिला होता. बाहेरून शांत पण आतून अस्वस्थ, क्षमता भरपूर पण वापरलेली नाही, लोकांनी आपल्याला मानावं असं वाटतं. वाचून अंगावर काटा आला. नंतर रूममेटने डोळे मिटून खुणा केल्या तर तिलाही तेच परिच्छेद मिळाले, फक्त नाव बदललेलं. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर वाटला होता, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. मुलांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले. इतकी जुनी युक्ती अजून चालते.

सवलत ‘फक्त आज रात्रीपर्यंत’ होती, म्हणून पहिल्या तीन महिन्यांच्या समुपदेशनाचे पैसे आगाऊ गेले. बदल्यात मिळालं काय? दर वेळी नवा माणूस, आणि उरलेल्या वेळात ‘सबकॉन्शस रीप्रोग्रॅमिंग’च्या, म्हणजे अंतर्मन बदलण्याच्या, रेकॉर्ड केलेल्या ध्वनिफिती. शिक्षण विचारलं तर उत्तर आलं, ‘सर्टिफाइड एनएलपी मास्टर प्रॅक्टिशनर’. एनएलपी म्हणजे ‘न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग’. असं प्रमाणपत्र काही दिवसांच्या कोर्सवरही मिळतं. त्याने कुणी मानसशास्त्रज्ञ होत नाही.

फरक पडत नाही म्हटलं की ‘हा तुझा रेझिस्टन्स आहे’, म्हणजे तूच उपचाराला विरोध करतेस. पैसे परत मागितले की ‘पळ काढणं हे तुझ्या आजाराचंच लक्षण आहे’. मी काहीही बोलले तरी ते माझ्याच आजाराच्या खात्यात जमा! शेवटी तर ‘घरी कळवावं लागेल’ अशी धमकीही झाली. इथे मी फोन ठेवला.

पुढे कॉलेजच्या समुपदेशक मॅडम भेटल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका आहे असं वाटलं तर ते गुप्त ठेवता येणार नाही. आपण गोळ्या देऊ शकत नाही, असं सांगून त्यांनी मनोविकारतज्ज्ञांचं नाव दिलं. डॉक्टरांनी निदानाची घाई केली नाही. थायरॉइडची रक्ततपासणी सांगितली, कारण ते कमी पडलं तरी माणूस असाच मरगळतो. गोळ्या लागल्याच तर परिणाम जाणवायला काही आठवडे जातात, हेही आधीच सांगितलं. शंभर टक्के बरं करण्याची भाषा दोघांपैकी कुणीच केली नाही.

म्हणून पैसे देण्याआधी समोरच्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक मागा आणि तो क्रमांक नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे पडताळा. प्रश्न ऐकून चिडणाऱ्याकडे पुढे जाऊच नका. एका भेटीचे पैसे एका भेटीला द्या. फसला असाल तर वाद घालत बसण्याआधी बँकेला कळवून पुढचे हप्ते थांबवा आणि सगळे मेसेज जपून ठेवा, तक्रारीला ते लागतात. माझे पुढचे हप्ते असेच थांबले, आधी गेलेले पैसे मात्र अजून अडकलेले आहेत. आणि नवव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर ‘हो’ असेल तर कुठल्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि रुग्णालय किंवा हेल्पलाइन गाठा.