आरतीची पुस्तिका घेताना आधी ‘नुरवी’ शोधा

गणपतीच्या दिवसांत पूजासाहित्याच्या दुकानात मिळणारी, खिशात मावणारी, पिना मारलेली आरतीची पुस्तिका घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कागद पातळ असतो हे खरं, पण खरी तक्रार मजकुराची आहे. कानानं चुकीचं पकडलेलं छापील शब्द पाहून सुधारायचं, म्हणून तर आपण पुस्तिका घेतो. या पुस्तिकांत तीच चूक पुन्हा छापलेली असते, आणि छापलेलं खोडून काढणं फार अवघड.

पारख करायला ‘सुखकर्ता दुःखहर्ता’चं एक पान पुरतं. सुरुवात ‘नुरवी’पासून करा. ‘वार्ता विघ्नाची’ इथे ओळ संपते, तालही तिथेच थांबतो आणि पुढची ओळ ‘नुरवी पुरवी प्रेम’ अशी उचलली जाते. त्यामुळे ‘नुरवी पुरवी’ ही जोडी आहे असं कानाला वाटतं. वाक्य मात्र ओळ ओलांडून जातं: विघ्नाची वार्ताही उरू देत नाही ती ‘नुरवी’, आणि प्रेम पुरवते ती ‘पुरवी’. ‘जयाची’ कृपा या दोन्ही गोष्टी करते. घोळक्यात म्हणताना ‘पुरवी’तला र तुटक होतो आणि ‘पूर्वी प्रेम’ ऐकू येतं. पुस्तिकेत ‘पूर्वी’ छापलेलं दिसलं तर पुढचं काही तपासायची गरज नाही, ती परत ठेवा. ‘नुरवी’नंतर स्वल्पविराम दिलेली प्रत सापडली तर डोळे मिटून घ्या. संपादकानं अर्थ लावून मजकूर बसवला आहे, याची ती खूण.

नंतर शेवटचं कडवं पाहा. ‘फणिवरबंधना’ हा शब्द ‘फणिवरवंदना’ असा सर्रास छापला जातो. ब आणि व यांत फरक एका रेघेचा, शिवाय कडव्याच्या शेवटी ‘सुरवरवंदना’ येतं, त्याचीही ओढ लागते. पण इथे नमस्काराचा संबंध नाही. पोटाला नाग बांधलेल्या गणपतीचं हे वर्णन आहे. मंडपात तर ‘फळीवर वंदना’ही होते! त्याच कडव्यात ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ आहे, ‘सजणा’ नव्हे. ही समर्थ रामदासांची नाममुद्रा आहे, तिला हात लावू नये. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं ते चतुर्थीच्या सवयीनं. पहिल्या कडव्यात ‘उटी शेंदुराची’ आहे का, तेही बघा. ‘ओटी’ देवीची भरतात. ध्रुपदातलं ‘मनकामना’ किंवा ‘मनःकामना’ दोन्ही चालेल, ‘मान कामना’ नाही. ‘मन’ तालासाठी लांबवून म्हणतात, म्हणून लिहिताना काना लागतो.

फोनवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये वेगळाच दोष सापडतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, आणि ‘निर्वाणी रक्षावे’चं ‘निवार्णी रक्षावे’ होतं. ‘दुर्गे दुर्घट भारी’चीही तीच गत. ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला जाते. अशी एक चूक दिसली की अख्खी फाइल संशयास्पद धरावी, कारण हा दोष एका शब्दापुरता राहत नाही.

मात्र प्रत्येक फरक म्हणजे चूक नव्हे, आणि इथे अतिउत्साही दुरुस्ती करणाऱ्यांना आवरावं लागतं. ‘घालीन लोटांगण’ ही एक रचना नाही. पहिलं कडवं नामदेवांच्या नावाचं मराठी, पुढे संस्कृत श्लोक जोडलेले. त्यातला ‘कायेन वाचा’ हा श्लोक भागवताच्या अकराव्या स्कंधातला. तिथे ‘करोति’ आणि ‘समर्पयेत् तत्’ आहे. आपण ‘करोमि’ आणि ‘समर्पयामि’ म्हणतो. स्वतः अर्पण करताना केलेला हा रूढ बदल आहे, तो तसाच ठेवावा. ‘मनसेन्द्रियैर्वा’ मात्र नीट छापलेलं हवं. मन आणि इंद्रिये यांचा तिथे संधी आहे, आणि तो न कळल्यामुळेच मच्छिंद्रनाथ मधे येऊन बसतात. विठ्ठलाच्या आरतीत ‘राई’ की ‘राही’ यावरून भांडू नये, दोन्ही पाठ चालतात.

चांगल्या प्रतीत आम्हाला सर्वांत जास्त आवडतात त्या तळटीपा. ‘येई हो विठ्ठले’मधलं ‘निढळ’ म्हणजे कपाळ, हे एका ओळीत दिलं की लांबून येणाऱ्याकडे पाहण्यासाठी कपाळावर आडवा धरलेला हात दिसतो, आणि ओळ पुन्हा चुकत नाही. ‘पराही परतली’मधली परा ही चार वाणींतली पहिली, एवढं सांगितलं तरी दत्ताच्या आरतीचं ते कडवं उलगडतं. तळटीप नसेल तर मुलं तालावर आवाज लावतात, शब्द कुठलाही असो.

मांडणीचं म्हणाल तर मोठ्या टायपातली, स्पायरल बांधणीची प्रत घ्या. एका हातात घंटा असते, मग पुस्तक सपाट उघडं राहायला हवं. दिवे मंद असताना पिवळट कागदावरचा लाल मजकूर वाचता येत नाही, काळी शाईच हवी. एक आरती समोरासमोरच्या दोन पानांत संपली पाहिजे, नाहीतर पान उलटताना पहिला शब्द अंदाजानं म्हटला जातो.

घरात जुनी सदोष प्रत असेल आणि ती टाकवत नसेल, तर वरचे शब्द त्याच पानावर काळ्या बॉलपेनानं दुरुस्त करा. पेन्सिलीचं कापूर-तेलाच्या हातांनी पुसलं जातं. मंडळासाठी झेरॉक्स काढणार असाल तर दुरुस्ती आधी, प्रती नंतर.